धागे कापायचा दिवस

मी हमीदाआपांना पहिल्यांदा भेटले त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या गप्प राहण्यापायी मी माझ्याच तोंडाने शिलाईचा भाव वाढवून दिला. माझ्या ओळखीतल्या कुणाला हे सांगितलं तर खोटं वाटेल. गाऊन-परकरांच्या धंद्यात मी एका दमात कुणाला हो म्हणत नाही. बाईमाणूस समजून मला चढा भाव सांगणारा व्यापारी दुसऱ्या खेपेला माझ्यासमोर येताना आधी पाणी पिऊन येतो.

तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नाही. मी राधानगरीकडच्या खेड्यातली, सासर कोल्हापुरात. दिराच्या घरात बसून खाण्यापेक्षा मी इचलकरंजीहून कापड आणून गाऊन शिवून घ्यायचे आणि गठ्ठा काखेला मारून दारोदार विकायचे, असं चालवलं होतं. कुणीतरी सांगितलं, बुधवार पेठेतल्या एका बोळात हमीदाआपांच्या खोलीवर दहाएक बायका शिवतात, हात चांगला आहे. मी गेले. मशिनी घरघरत होत्या. खाली चटईवर पन्नाशीची एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. मांडीवर तयार गाऊनचा ढीग, हातात लहान कात्री. शिलाईला लोंबणारे सुटे धागे ती एकेक करून कापत होती. "मालकीण कोण?" म्हणून विचारलं, तर मशिनीवरच्या बाईने हनुवटीने तिच्याकडेच दाखवलं.

मी समोर बसले आणि माझा भाव सांगितला. अर्थात खालचा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा धागा कापला. बाजारात मी एवढं शिकले होते की बडबड्या माणसाला गुंडाळता येतं, गप्प बसणाऱ्यापासून सांभाळावं. म्हणून थोडा चढवला. धागा कापला गेला. आणखी चढवला. नवरा गेल्याचं सांगितलं, दिराचं सांगितलं, आणखी चढवला. शेवटी ज्या आकड्याच्या वर जाणार नाही म्हणून घरातून ठरवून निघाले होते, त्याच्याही वर गेले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. बाहेर पडताना मी मनात म्हटलं, ही बाई माझी उस्ताद आहे.

खरी गोष्ट मला पुष्कळ दिवसांनी कळली. त्या दिवशी आपांचा धागे कापायचा दिवस होता. मी तरातरा जाऊन भांडले, "आपा, तुम्ही मला फसवलंसा!"

आपा हसून हसून बेजार. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशा त्या म्हणाल्या, "मी कुठं काय बोललो गं? तूच जिना चढल्यासारखी चढत गेलीस. मला तर ही बया कवा उठून जाती असं झालतं!"

"मग आता खाली या की."

"आता कशाला? तुझ्या तोंडचा भाव हाय तो. मी कसा मोडू?"

तो भाव त्यांनी कधीच खाली आणला नाही.

हा धागे कापायचा दिवस म्हणजे त्या खोलीचा रिवाज होता. तयार कपड्यावरचे सुटे धागे काढायचं काम सगळ्यांत हलकं. त्याला डोकं लागत नाही, बोलावं लागत नाही, चुकलं तर नुकसान होत नाही. ज्या बाईचं मन त्या दिवशी जागेवर नसेल तिने यायचं, मशिनीवर न बसता सरळ चटईवर बसायचं आणि कात्री हातात घ्यायची. कुणी काय झालं म्हणून विचारायचं नाही. हजेरी पूर्ण धरली जायची. काही बायका महिन्यातून एकदा बसायच्या, एकजण तर लागोपाठ तीन आठवडे बसली होती. आणि वर्षातून एकदोनदा आपा स्वतः बसायच्या, कधी चार दिवस, कधी जास्त. मग मशिनीवरच्या बायका गिऱ्हाईक आपसात सांभाळायच्या. माझ्यासारखं एखादं गिऱ्हाईक सरळ चटईवर जाऊन बसलं तर त्याचं नशीब.

मी एकदा धंद्याच्या हिशेबाने विचारलं, "बरं नसलं तर घरी का पाठवत नाही? बसून पगार कशाला?"

"घरी?" आपांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाईच नाही. "बाई घरात आजारी पडली तर धुणं दुप्पट पडतंय मंगल. वर सासू म्हणती नाटक करती, नवरा म्हणतोय त्वांड पाडून बसलीया. घर म्हंजे काय दवाखाना हाय व्हय? निम्मं दुखणं तर तिथलंच असतंय."

हे त्या पुस्तकातून वाचून बोलत नव्हत्या. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्या पहिल्यांदा आजारी पडल्या. झोप नाही, जेवण नाही, दिवसदिवस एका जागी बसून राहायच्या. माहेरच्यांनी दर्ग्यात नेलं, सासरच्यांनी मिरजेच्या दवाखान्यात नेलं. आपा सांगायच्या, "दोन्हीकडं मला कुणी काय इचारलं न्हाय. माझ्या मालकांनी दोन्हीकडं एकच इचारलं, कामाला कवा लागंल? मग मी एक दिवस उठून भाकरी थापली. झालं! सगळी म्हणाली, बरी झाली. डॉक्टरांनी इचारलं कशी हाय, मालक म्हणालं, भाकरी करती. लगीच घरी धाडलं." आणि मग म्हणायच्या, "आतनं मी तशीच होतो की. भाकरी काय, हात करत्यात."

'भाकरी करती' हा त्यांच्या खोलीत शेराच होऊन बसला होता. एखादी म्हणाली, आता बरं आहे आपा, तर त्या चष्म्यावरून बघून विचारायच्या, "बरं हाय, का भाकरी करतीस?" बायका हसायच्या. पण जी खरी बरी नसायची, ती हसता हसता खाली चटईवर बसायची.

गोळीबद्दलही त्या तशाच मोकळ्या. इतर बायका साखरेची, रक्तदाबाची गोळी घ्यायच्या तशी त्या सगळ्यांदेखत डोक्याची गोळी घ्यायच्या. कापड घेऊन आलेल्या एका पावण्याने विचारलं, आपा कसली गोळी? "खुळ्याची," म्हणाल्या. पावणं चहा अर्धा ठेवून गेलं.

माझं दुकान या ओळखीनंतर दोन वर्षांनी उभं राहिलं. सासऱ्यांच्या मागे राहिलेला रस्त्याकडेचा एक गाळा मोडक्या खुर्च्या आणि जुन्या टायरांनी भरून बंद पडला होता. मी तो स्वतः धुतला, रंगवला, फळ्या मारल्या. चार वर्षांत पेठेतल्या बायका दुसरीकडे गाऊन बघेनाशा झाल्या. माझे धाकटे दीर, विलासभाऊजी, येताजाता म्हणायचे, "वहिनी, लई जोरात चाललंय." मला वाटायचं कौतुक आहे. तिथे माझी व्यापारी बुद्धी कमी पडली.

मग मी आजारी पडले. कशाने, ते मला नीट सांगता येत नाही. नवरा गेला तेव्हा रडायला सवड मिळाली नव्हती, ते असेल. सात वर्षं एकटीने ओढलं, ते असेल. डॉक्टर म्हणाले, अमुकच एका कारणाने होतं असं नाही. एवढं खरं की सकाळी डोळा उघडला की आजचा दिवस कशाला उगवला असं वाटायचं, आणि पुढे पुढे तर जगावंसंच वाटेना.

घरातल्यांना आधी काही दिसलं नाही. पहिल्यांदा ओळखलं ते इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने. मी गेले, कापड बघितलं, त्याने नेहमीप्रमाणे चढवून भाव सांगितला आणि मी म्हटलं, बरं. तो घाबरला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, स्वतःहून भाव उतरवला आणि विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक हाय न्हवं?" ते कापड घेऊन मी आपांकडे गेले. मुद्दाम म्हणून त्यांनी शिलाई वाढवून सांगितली. मी त्यालाही बरं म्हटलं.

आपांनी मशीन थांबवली. "आज भांडली न्हाईस," म्हणाल्या. "बस खाली. धागे काप."

मी आठवडाभर धागे कापले. त्यानंतर त्या मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

त्या दिवसांत मला एक विचित्र गोष्ट दिसली. माझी आई म्हणायची, पोरीला काय झालेलं नाही, सासरच्यांनी पिळून काढलीय तिला. म्हणजे माझ्यावर अन्याय झालाय हे तिला मान्य, पण मी आजारी आहे हे अमान्य. सासरची माणसं म्हणायची, आजारीच आहे ती, म्हणून तर तिला सगळं वाकडं दिसतं. म्हणजे आजार मान्य, अन्याय अमान्य. जो तो निम्मंच घ्यायला तयार. आपा एकट्या अशा भेटल्या की ज्यांनी सगळं एका वेळी पदरात घेतलं. म्हणाल्या, "तू आजारी बी हाईस आन तुझ्यावर अन्याव बी झालाय. एकाला गोळी लागती, दुसऱ्याला भांडण लागतंय. आधी गोळी घे, भांडायला अंगात ताकद पायजे."

डॉक्टरांकडे विलासभाऊजीही आले होते, घरचं माणूस म्हणून. डॉक्टर भले होते, पण सवयीने त्यांनीही प्रश्न भाऊजींनाच विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे? जेवतात का? भाऊजी ऐटीत उत्तरं देत होते. "पहिल्यापासून रागीट आहेत का?" असं डॉक्टरांनी विचारल्याबरोबर आपा मधेच म्हणाल्या, "सायेब, ती हितं बसलीया." डॉक्टर "बरोबर आहे," म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. मग दार लावून तासभर माझ्याशी एकटीशी बोलले. माझ्या दुखण्याबद्दल कुणी मला विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, किमान वर्षभर घ्याव्या लागतील, मधे बंद करायच्या नाहीत. माझं सगळं आयुष्य भाव पाडण्यात गेलेलं. वर्ष म्हणजे सांगायचा आकडा, खरा सहा महिन्यांचा असणार, असं मी मनात धरलं. दीड महिन्यात बरं वाटायला लागलं तशी मी स्वतःच सौदा उरकला. गोळी निम्मी केली आणि पुढे बंदच केली. महिन्याच्या आत पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले, पहिल्यापेक्षा वाईट.

आपांनी माझ्या उशाशी बसून मला अशा शिव्या दिल्या की आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टर काय इचलकरंजीचा यापारी हाय व्हय, चढवून सांगायला? आन तू काय डोक्याचं दुखणं घाऊकात घेतलंस?" मला अजूनही वाटतं, डॉक्टरांनी थोडं तरी चढवून सांगितलं असणार. पण नंतर मी घासाघीस केली नाही.

त्याच दुसऱ्या पडण्यात चावी गेली. विलासभाऊजी माझ्या खोलीत आले, पायाशी बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही विश्रांती घ्या. दुकानाचं मी बघतो." मी चावी उशाखालून काढून दिली. माझ्याकडून कुणी एवढ्या स्वस्तात काही नेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि माझ्या व्यापाऱ्यांना त्यांचा निरोप गेला: वहिनींची मानसिक तब्येत ठीक नाही, यापुढे व्यवहार माझ्याशी करावा.

तीन-चार महिन्यांत मी बरी झाले. या वेळी नेमाने गोळ्या घेऊन झाले. चावी मागितली, तर भाऊजी म्हणाले, "कशाला दगदग? अजून विश्रांती घ्या." दुसऱ्यांदा मागितली, तेच उत्तर. मी गप्प बसून राहिले तर म्हणायचे, बघा, अजून उदास असतात. मी आवाज चढवला तर म्हणायचे, बघा, अजून डोकं ठिकाणावर नाही. कुठल्या आवाजात मागितली तर ती चावी मिळणार होती, हे मला कुणी सांगेना. तिकडे दुकानात भाऊजींनी दोनशे गाऊन भरले होते, सगळे एकाच मापाचे. त्यांच्या मते बायका एकाच मापाच्या असतात. एक दिवस मी दुकानात गेले, ते गाऊन बघितले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना बोलायचं ते बोलले. त्याच संध्याकाळी पन्हाळ्याच्या मामांना, म्हणजे आत्तींच्या थोरल्या भावाला, बैठकीचं बोलावणं गेलं. वहिनीचं आता कायमचं काय करायचं, ते ठरवायला.

मी आपांना सांगितलं. ते दुकान गेलं असतं तर मी पुन्हा कुणाच्या तरी ताटातलं खाणारी, खुळी झालेली विधवा, एवढीच उरणार होते. आपांनी बायकांना सांगून बैठकीच्या दिवशीचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. मी विचारलं, "गप बसू का बैठकीत?"

"गप का बसतीस? तोंड दिलंय न्हवं अल्लानं?" आपा म्हणाल्या. "वरड की. पण दुकानावर वरड. दिराच्या बायकोवर, आत्तीवर, पंधरा वर्सांमागच्या लग्नातल्या मानपानावर घसरू नको. त्ये माझ्या खोलीवर येऊन वरड, मी ऐकतो."

बैठकीत आपांना बघून मामांच्या कपाळाला आठी पडली. "ह्यो घरातला विषय हाय, ताई."

"व्हय की," आपा बसत म्हणाल्या. "मी हिची शिलाईवाली. दुकान बंद पडलं तर माझ्या दहा बायका बसून ऱ्हात्यात. म्हणून आलो. मधी बोलत न्हाय."

भाऊजींनी सुरुवात केली. आवाज तोच, मऊ. "मामा, आम्हाला वहिनींची काळजी हाय. परवा दुकानात येऊन गिऱ्हाइकांम्होरं शिव्या दिल्या मला. बरं माणूस असं करतंय का?"

मामा माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार, तोच मधी बोलत न्हाय म्हणणाऱ्या आपा बोलल्या. "विलासराव, एक इचारू? रागवू नका. वहिनी आजारी पडायच्या आधी कशी होती?"

"आधी? आधीचं तर इचारूच नका!" भाऊजींच्या दुखऱ्या जागेवरच बोट पडलं. "इचलकरंजीचं यापारी हिला बघून शटर वढायचं. दिवाळीच्या गर्दीत मला सगळ्यांदेखत गाढव म्हणाली हुती."

"बरं. आन आजारात?"

"आजारात काय, गप. भिंतीकडं त्वांड. हाक मारली तर व्हय न्हाय की न्हाय न्हाय."

"आन परवा दुकानात काय म्हणाली?"

मामांनी पान चघळायचं थांबवलं. "सांग की लेका. काय म्हणाली?"

"...गाढव."

मामांना पहिल्यांदा हसू फुटलं. मग त्यांच्यासोबत आलेला त्यांचा जावई हसला, मग दाराआडून भाऊजींची बायकोसुद्धा. "मग आता बरी झालीया की ती," मामा डोळे पुसत म्हणाले. "पयल्यासारखी झाली."

त्या हशातच मी माझं म्हणणं मांडलं. गाळा घरचा आहे, त्याचं भाडं घराला देईन, रीतसर. पण दुकान माझं आहे, ते मी उभं केलं, आणि पुन्हा कधी आजारी पडले तर ते कुणी बघायचं हेही मीच ठरवणार. आवाज चढला होता. चढू दिला. मामा म्हणाले, "दे बाबा, विलास, तिची चावी. तुला त्या गाऊनमधलं काय कळतंय?"

भाऊजींनी चावी दिली. देताना म्हणाले, "मी काळजीपोटीच केलं सगळं." आजही ते असंच सांगतात. वहिनी आजारी होत्या तेव्हा मी दुकान सांभाळलं, असं लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात आणि लोक त्यांचं कौतुक करतात. मी ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. त्या दिवशी आपा घरी जायला निघाल्या तेव्हा मी त्यांनाही हेच म्हणाले होते की मी ह्याला सोडणार नाही. कुणीही दुसरं असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे, मनाला त्रास होईल, रागाने पुन्हा आजारी पडशील. आपा म्हणाल्या, "नको सोडू. तुझा राग हाय, तू संभाळ. फकस्त त्याच्यापायी गोळी चुकवू नको आन जेवण सोडू नको."

मला वाटतं, त्यांचे सगळ्यांत मोठे उपकार हेच. बरी व्हायची किंमत म्हणून माझ्याकडून माझा राग त्यांनी मागितला नाही. बाकी सगळ्यांनी मागितला. शहाणी बाई म्हणजे शांत बाई, असा जो भाव सगळीकडे लागलेला असतो, तो या बाईने माझ्यापुरता मोडला. मी तापट होते, तापट आहे आणि बरी आहे.

आपा गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. हृदयविकाराने, दुपारच्या जेवणानंतर, मशिनीशेजारीच. त्यांच्या बायका खोली अजून चालवतात, माझे गाऊन तिथेच शिवले जातात. त्या गेल्या त्या दिवशी मी रडलेच. पण आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त आत्ती रडल्या. भाऊजींना आश्चर्य वाटलं. आईचा आणि या शिलाईवालीचा काय संबंध, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, हे आत्तींनी ठरवायचं होतं. आता त्यांनीच मला लिही म्हणून सांगितलं आहे, म्हणून लिहिते.

बैठक संपल्यावर पुरुष माणसं बाहेर चहा पीत बसली होती. आपा आणि मी स्वयंपाकघरात होतो. आत्ती चुलीपुढे भाकरी थापत होत्या. गॅस आहे, पण भाकरीला त्यांना चूलच लागते. अख्ख्या बैठकीत त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. लेकाच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने नाही. त्याचाही राग माझ्या डोक्यात होताच. तव्यावरची भाकरी उलटता उलटता, आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आपा, ती डोक्याची गोळी... म्हातारपणी चालती का?"

"कुणाला पायजे?"

"कुणाला न्हाय. आपलं इचारलं."

आपा अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "चालती की. परवा सकाळी रिक्षा घिऊन येतो. तयार ऱ्हावा."

आत्ती तयार राहतील असं मला वाटलं नव्हतं. पण परवा सकाळी रिक्षा आली तेव्हा त्या इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. देवीला जातो असं त्यांनी घरात सांगितलं होतं. रिक्षात त्या आमच्या दोघींच्या मधे बसल्या. आपांचा हात त्यांनी कधी धरला ते त्यांनाही कळलं नसावं.

डॉक्टरांनी या वेळी आम्हाला काही विचारलं नाही. आत्तींसमोर खुर्ची ओढून बसले. आम्ही बाहेर जायला उठलो, तर आत्तींनी आपांचा पदर धरला, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. झोप? लागत नाही. भूक? नसते. रडू? "रडायला येळ कुठं असतोय," आत्ती म्हणाल्या. डॉक्टर थोडं पुढे झुकले आणि विचारलं, "हे असं कधीपासून वाटतंय, आजी?"

आत्तींनी बराच वेळ विचार केला. तिथी आठवताना करतात तसा, बोटांवर. मग म्हणाल्या, "विलासच्या बाळंतपणापासनं."

विलासभाऊजी त्या वर्षी सत्तेचाळीस वर्षांचे होते.

एवढी वर्षं त्या घरात मी त्यांच्या हातची भाकरी खात होते. आपांनी आत्तींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लई दम काढलासा, आत्ती." आत्ती तेव्हा रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या, आणि मला उठून त्यांच्यासाठी पाणी आणावंसं वाटलं. मी आणलं.